वहिनीचा रेडीमेड कोर्स

आमच्या घरात 'रेडीमेड' हा शब्द शिवीसारखा वापरतात. म्हणजे मी वापरते. तळमजल्यावर माझं शिवणकामाचं दुकान, वरच्या दोन खोल्यांत दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी. गल्लीत मला सगळे 'कात्री' म्हणतात. ते नाव धंद्यावरून पडलंय असं मी सांगते, जिभेवरून पडलंय असं बाकीचे सांगतात. तर अशा घरात, सकाळच्या चहाला, वहिनी शांतपणे म्हणाली, "मी कोर्स विकत घेतलाय. एआय कसं वापरायचं ते शिकवायचा. रेडीमेड."

माझा चहा नाकात गेला.

"रेडीमेड म्हणजे?"

"सगळं तयार असतं. धडे, स्लाइड, सरावाचे प्रश्न, जाहिरातीचा मजकूरसुद्धा. आपण घ्यायचा, त्यावर आपलं नाव घालायचं आणि शिकवायला सुरुवात करायची. ज्यांनी बनवलाय त्यांचीच तशी परवानगी असते."

"म्हणजे दुसऱ्याने शिवलेल्या शर्टाला आपलं लेबल."

"हो," वहिनी म्हणाली, "अगदी तसंच."

समोरच्याने असं मान्य करून टाकलं की मला भांडता येत नाही. मी बिस्कीट बुडवलं, ते कपात पडलं, आणि विषय तिथेच राहिला.

वहिनीबद्दल सांगायचं तर ती हाडाची शिकवणारी. एका संस्थेत ती टायपिंग आणि ऑफिसचं कामकाज शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आजही रस्त्यात थांबून तिच्याशी बोलतात. ती संस्था बंद पडली. मग तिने एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी धरली. त्या काळात आमचं घर दिवसभर कुजबुजत असायचं. वहिनी वर झोपलेली, म्हणून मुलगी पायऱ्या चवड्यांवर चढायची, दादा भांडी न वाजवता जेवायचा आणि मी दुपारी शिलाई मशीन बंद ठेवायचे. एवढं करूनही तिला झोप लागायची नाही ती नाहीच. एकदा ती जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा दादाने हात जोडले आणि म्हणाला, "पुरे आता." दादा शाळेची बस चालवतो. त्याच्या एकट्याच्या पगारात घर ओढत न्यावं लागणार हे त्यालाही माहीत होतं, तरी म्हणाला.

वहिनीने काम सोडलं. कॉल सेंटरचे सुपरवायझर भले गृहस्थ होते. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत तुमची जागा ठेवतो, बघा काय जमतंय ते. तेव्हा महिनाअखेरपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा रात्रपाळी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

वहिनीने जिन्याखालच्या दारावर पाटी लावली : 'एआय कोच'. दादाने ती दोनदा वाचली.

"कोच म्हणजे हॉलमध्ये ठेवतात तो ना? पाहुणे बसतात तो?"

"हो, आणि रविवारी तू आडवा होतोस तो," वहिनी म्हणाली.

दोघंचौघं शिकायला येऊ लागले. फी देऊन जायचे. त्यातून वीज आणि गॅस निघायचा, घर निघत नव्हतं. पण वहिनीने त्या कोर्सचं जे काही केलं ते मी जवळून पाहिलं, आणि मला मान्यच करायला हवं की माझी बोलती बंद झाली.

रोज दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली दुकानात यायची आणि कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायची. कोर्समधला एकेक धडा ती माझ्या दुकानावर लावून बघायची. एका धड्यात होतं, उशीर झाल्यास ग्राहकाला एआयकडून संदेश कसा लिहून घ्यावा. तिने लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला : "आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो…"

"हे कोण बोलतंय?" मी विचारलं.

"तू."

"मी? लोकांना वाटेल कात्री आजारी आहे. 'उशीर झाला, पण कोट झालाय, घेऊन जा', एवढं लिही."

वहिनी खोखो हसली. पण हसून सोडून दिलं नाही तिने. यंत्राला माझी भाषा कशी सांगायची, माझे आधीचे दोनचार संदेश त्याला कसे दाखवायचे, किती ओळी सांगायच्या, यात तिची अख्खी दुपार गेली. शेवटी जो संदेश आला तो वाचून मलाच वाटलं की हा मी लिहिलाय. धड्यातला जुना नमुना तिने उडवला आणि हा घातला.

दुसऱ्या एका धड्यात होतं, सामानाचा अंदाज एआयकडून घ्या. तिने विचारलं, एका पॅन्टला कापड किती लागेल. यंत्राने छातीठोकपणे आकडा सांगितला. तेवढ्या कापडात पॅन्ट तर झालीच असती, शिवाय खिडकीला पडदा निघाला असता. मी पोट धरून हसले. वहिनी मात्र गंभीर झाली. तिने एक नवा धडा सुरू केला, जो विकत घेतलेल्या कोर्समध्ये कुठेच नव्हता. त्याचं नाव ठेवलं, 'हे याला विचारायचं नाही'. तो धडा रोज वाढत गेला. एखादा धडा उसवायचा, दोन ठेवायचे, एक नवा जोडायचा, असं तिचं चाललं होतं. मी अल्टरेशन करते तेव्हा मला एवढा धीर नसतो.

एकच जागा तिला भरता येईना. पहिल्याच धड्यात एक स्लाइड होती, 'माझी गोष्ट'. आपण एआयकडे कसे वळलो ते शिकवणाऱ्याने तिथे सांगायचं. ज्याच्याकडे गोष्ट नसेल त्याच्या सोयीसाठी कोर्सवाल्यांनी एक नमुनाही दिला होता. त्यात आईचं फुलांचं दुकान होतं, ते बंद पडायला आलं होतं, आई काउंटरवर डोकं टेकून बसायची, आणि मग मुलाने एआय शिकून दुकान सावरलं. कुठे रडायचं तेसुद्धा ठरवून दिल्यासारखी, बेतशीर लिहिलेली.

"हीच सांगून टाक," दादा म्हणाला. "कोण तपासायला येतंय?"

"ती माझी आई नाही रे."

"अगं, पण लोकांना गोष्ट लागते."

"लागू दे," वहिनी म्हणाली, आणि स्लाइडच काढून टाकली.

महिना संपत आला तेव्हा आमच्या दुकानदार संघाने ठरवलं की सगळ्या सभासदांना एआयचं प्रशिक्षण द्यायचं. वर्षभराचं काम. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानाचे मालक. त्यांनी दोन प्रशिक्षकांना बोलावलं, वहिनीला आणि आणखी एकाला. दोघांनी अर्धा अर्धा तास शिकवून दाखवायचं, मग संघ ठरवणार. हे काम मिळालं तर रात्रपाळी टळणार होती. नाही मिळालं तर पुढच्या आठवड्यात वहिनीला संध्याकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं होतं.

संघाची खोली म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक लांब टेबल, भिंतीवर पांढरा पडदा आणि कुरकुरणारा पंखा. मी सभासद, म्हणून आधीच जाऊन दुसऱ्या ओळीत बसले. माझ्या शेजारी वहिनी. तिने इस्त्रीचा निळा कुर्ता घातला होता, तो मीच शिवलेला, त्याबद्दल बोलायला नको.

पहिली पाळी दुसऱ्याची होती. तरुण होता, ब्लेझर घालून आला होता. मी आधी ब्लेझर बघितला, ही माझी खोड आहे. बाह्या लांब, खांदा उतरलेला, आणि पाठीमागच्या चिरेवर दुकानातून येताना असतो तो फुलीचा टाका तसाच. तो टाका काढून टाकायचा असतो हे बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. नवा कोरा, बहुतेक आजच्यासाठीच घेतलेला.

त्याने पहिली स्लाइड लावली. मी वहिनीकडे बघितलं. दुसरी लावली. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तेच रंग, तीच चित्रं, तोच दिवा लागलेला मेंदू. कोर्स तोच होता. एकाच दुकानातून दोघांनी एकच माल घेतला होता, आणि तो एकाच गिऱ्हाइकापुढे एकाच दिवशी मांडायची वेळ आली होती.

मग तो थांबला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "माझ्या आईचं फुलांचं दुकान होतं."

सगळी गोष्ट त्याने सांगितली. काउंटरवर टेकलेल्या डोक्यासकट. पुढच्या ओळीत आमच्या गल्लीतल्या फुलवाल्या काकू बसल्या होत्या, त्यांनी पदराने डोळे पुसले. टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठायला लागले तर वहिनीने माझा हात धरला.

"बस."

"अगं, तो…"

"माहितीये मला. बस."

मध्ये चहा होता. वहिनी बाहेर व्हरांड्यात गेली, मी मागोमाग. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आता मी तेच दाखवलं तर मी चोर ठरणार," ती म्हणाली. "आणि नाही दाखवलं तर माझ्याकडे पडद्यावर लावायला काही नाही."

"जाऊन सांग ना सगळ्यांना, खोटारडा आहे म्हणून! तू नाही सांगितलंस तर मी सांगते."

"त्याचंही पोट आहे गं, कात्री."

तेवढ्यात ब्लेझरवाला चहाचा कप घेऊन बाहेर आला. वहिनी सरळ त्याच्यासमोर गेली. मला वाटलं आता झडणार. पण तिचा आवाज संस्थेत एखाद्या मुलाची चूक दाखवताना असायचा तसा होता.

"तुम्ही घेतलाय तोच कोर्स मीही घेतलाय. आत जाऊन मी माझ्याबद्दल ते सांगणार आहे. लोक दोन्ही जोडून बघतील, म्हणून आधी तुमच्या कानावर घालते. तुमच्या गोष्टीबद्दल मी काही बोलणार नाही. ती तुमची तुम्ही बघा."

त्याने कप कठड्यावर ठेवला. "मॅडम, प्लीज. तुम्ही दुसरं काहीतरी दाखवा ना. मला या कामाची फार गरज आहे."

"मलाही आहे," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

तिने लॅपटॉप उघडलाच नाही. पडद्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्ता तुम्ही जे धडे बघितलेत तेच मीही आणलेत. ते मी लिहिलेले नाहीत. तयार मिळतात, विकत घेतले. त्यामुळे ते परत दाखवून तुमचा वेळ खात नाही."

खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही दोघांनी विकतचा माल आणून आम्हाला विकायचा?"

"साहेब, तुम्ही रंग विकता. रंग तुम्ही बनवता का?"

"मी कशाला बनवीन? कंपनी बनवते."

"आणि ओल आलेल्या भिंतीला कुठला लावायचा, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं?"

अध्यक्षांनी चष्मा परत घातला. "मी सांगतो."

"तेवढंच माझं काम. आता कोणीतरी आपली भिंत दाखवा."

मागून बेकरीवाला उठला. त्याच्या एका केकवर वाढदिवसाच्या मुलीचं नाव चुकलं होतं, आणि तिच्या बापाने इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशी तक्रार लिहिली होती. बेकरीवाल्याने रागाच्या भरात उत्तर तयार ठेवलं होतं. ते त्याने वाचून दाखवलं आणि अर्ध्या खोलीने कपाळाला हात लावला.

वहिनीने त्याचाच फोन त्याच्याच हातात ठेवला. काय टाइप करायचं ते सांगितलं. एआयचं उत्तर आलं, बेकरीवाल्याने मोठ्याने वाचलं. गोड होतं, लांबलचक होतं, आणि शेवटी होतं, "पुढील केक आमच्यातर्फे विनामूल्य."

"हे फुकट द्यायचं कोणी कबूल केलं?" वहिनीने विचारलं.

"मी नाही!" बेकरीवाला दचकला. "याने परस्पर वाटून टाकलं की!"

हशा पिकला. वहिनीही हसली. "असंच करतं ते. न विचारता तुमच्या नावाने वचनं देतं. म्हणून पाठवायच्या आधी पहिल्यांदा हे बघायचं, की आपण न दिलेला शब्द यात कुठे आलाय का. आता त्याला सांगा, चूक कबूल कर, फुकट काही देऊ नको, तीन ओळींत संपव."

दुसरं उत्तर आलं. नीट होतं, तरी त्यात 'सदैव तत्पर' होतं. बेकरीवाल्याने ते स्वतःच खोडलं आणि तिथल्या तिथे पाठवून दिलं. बाकीचे खुर्च्या ओढून जवळ आले. आता कोणी घड्याळ बघत नव्हतं. वहिनी कोणाच्या फोनमध्ये वाकून बघत होती, कोणाला "आधी वाचा, मग पाठवा" म्हणून दटावत होती. मी तिला संस्थेत शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा कळलं की त्या मुली रस्त्यात का थांबतात.

फुलवाल्या काकूंनी विचारलं, "उद्या किती फुलं आणायची ते सांगेल का हे?"

"सांगेल काकू. अगदी ठामपणे सांगेल. आणि तुम्ही ऐकलंत तर फुलं कुजतील. तुमच्या दुकानात कालपरवा काय खपलं हे त्याला कुठे ठाऊक? माझ्याकडे असल्या प्रश्नांचा वेगळा धडाच आहे, याला काय विचारायचं नाही त्याचा. तो मात्र विकतचा नाही. तो माझ्या नणंदेच्या दुकानात बसून केलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उगाच मान ताठ केली.

काकू अजून उभ्याच होत्या. "मग मगाशी त्यांनी सांगितली ती आईची गोष्ट? तीही तयार मिळते?"

वहिनी गप्प राहिली. तिने एक शब्द टाकला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिने दिलेला शब्द पाळला, आणि मला तेव्हा तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

दाराजवळून ब्लेझरवाला म्हणाला, "हो. तयार मिळते." त्याचा आवाज चिरकला. "माझ्या आईचं दुकान नाही. ती घरीच असते. माफ करा, काकू. तुम्ही रडलात, ते मी बघितलं."

काकूंनी त्याला खुर्ची दाखवली, आणि तो बसला. अर्ध्या तासाचा तास झाला होता. अध्यक्ष म्हणाले, आम्ही आपसात बोलून संध्याकाळी कळवतो.

संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा गेला ते विचारू नका. मी एका शर्टाची कॉलर उलटी लावली. वहिनी टेबलाशी बसून काजांचे दोरे कापत होती, जे काम तिला मुळीच येत नाही. दादा बस लावून आला आणि काही न विचारता स्टुलावर बसला.

फोन वाजला. वहिनी नुसतं "हो", "बरं", "हो साहेब" म्हणत होती. चेहऱ्यावरून काही कळेना. दादा उभा राहिला. तिने फोन ठेवला.

"संघातल्या दोघांचं म्हणणं होतं की विकतच्या कोर्सला पैसे कशाला द्यायचे," ती सावकाश म्हणाली. "फुलवाल्या काकू भांडल्या म्हणे. म्हणाल्या, खरं बोलणारी बाई मिळते तर घ्या. मला दिलंय. वर्षभराचं."

दादा खाली बसला. मी मनात होतं तेच बोलून टाकलं, "वहिनी, मला आज तुझा फार अभिमान वाटला."

तिने मान हलवली, पण ती अजून हसत नव्हती. लगेच तिने दुसरा नंबर लावला. कॉल सेंटरच्या सुपरवायझरचा. फोनचा आवाज एवढा मोठा की आम्हाला त्यांचंही बोलणं ऐकू येत होतं.

"साहेब, माझी जागा ठेवू नका. मी परत येत नाही."

"अरे वा. तब्येत बरी ना पण? कारण काय लिहू?"

"लिहा, दुसरं काम मिळालं."

"कुठे? कोणत्या कंपनीत?"

वहिनी थांबली. तिने दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कंपनी नाही साहेब," ती म्हणाली. "माझं स्वतःचं आहे."

आणि मग, फोन अजून कानाशीच असताना, ती रडायला लागली.